घरात मैलापाणी शिरते तेव्हा

काही पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र चालवणारे पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आमच्या वॉर्डात दाखल झाले. चार दिवस ताप, डोके ठणकत होते, डोळे लालभडक, पोटऱ्यांना नुसता हात लावला तरी कळवळत होते. घराजवळच्या दवाखान्यात तापाच्या गोळ्या आणि दोन सलाइन झाली होती. आदल्या रात्रीपासून लघवी जवळजवळ बंद होती. जुलै महिना आणि अशी लक्षणे, त्यामुळे लेप्टोस्पायरोसिसचा संशय लगेच आला. आमच्या निवासी डॉक्टरने रीतसर विचारले, ‘साचलेल्या पाण्यातून चालत गेला होतात का?’ ते म्हणाले, ‘नाही हो. त्या आठवड्यात मी दुकानाबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही.’

प्रतिजैविके आम्ही तरीही सुरू केली, पण मनात डेंग्यूची शंका घोळत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी बोलता बोलता म्हणाल्या, ‘डॉक्टर, ड्रेनेज तुंबलं त्या रात्रीपासून आमच्यामागे हे शुक्लकाष्ठ लागलंय.’ मग सगळे बाहेर आले. दहा-बारा दिवसांपूर्वी दुकानाच्या मोरीतून काळे पाणी उलटे वर आले होते. सकाळच्या डब्यांची ऑर्डर चुकू नये म्हणून यांनी रात्रभर अनवाणी उभे राहून बादल्यांनी ते उपसले होते. मी विचारले, ‘त्या रात्री तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?’ ‘आमच्याकडे कामाला असलेला मुलगा. तोही कालपासून तापाने फणफणलाय, खोलीवरच आहे.’

त्या मुलाला तासाभरात बोलावून घेतले. त्याचा आजार पहिल्या टप्प्यात होता. वेळेवर औषध मिळाले आणि पाचव्या दिवशी तो घरी गेला. मालकांना मात्र चार वेळा डायलिसिस करावे लागले, महिनाभर दुकान बंद राहिले. दोघे एकाच रात्री एकाच पाण्यात उभे होते. आमचा प्रश्न चुकला होता. आम्ही रस्त्यावरच्या पाण्याबद्दल विचारले आणि पाणी तर घरात आले होते.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. ड्रेनेज तुंबणे ही आपल्याला प्लंबरची भानगड वाटते. ती आरोग्याची आणीबाणीही आहे, आणि तिचे पहिले तास कसे हाताळले यावर पुढचे बरेच काही ठरते.

तुंबण्याआधीच्या खुणा

मैलापाणी एकाएकी वर येत नाही. बहुतेक वेळा काही दिवस आधी ते सूचना देत असते. बेसिनमधून पाणी जाताना न्हाणीतून गुडगुड आवाज येतो. संडासाच्या भांड्यातील पाण्याची पातळी कधी वर चढते, कधी नेहमीपेक्षा खाली जाते. वॉशिंग मशीनचे पाणी सुटले की मोरीत फेस दिसतो. खोली स्वच्छ असूनही कुजक्या अंड्यासारखा वास येतो. अंगणातल्या चेंबरच्या झाकणाभोवती ओल दिसते किंवा तेथे झुरळांची ये-जा वाढते.

गुडगुडण्याचे कारण साधे आहे. प्रत्येक न्हाणीखाली आणि संडासाच्या भांड्यात थोडे पाणी कायम अडवून ठेवलेले असते. या पाण्याच्या पडद्यामुळे गटारातली हवा घरात येत नाही. पुढे नळी अडली की मागून येणारे पाणी नळीतली हवा ढकलते, आणि ती हवा या पडद्यातून बुडबुडे काढत बाहेर पडते. म्हणजे तो आवाज पुढे वाट अडल्याची वर्दी असते. त्या दिवशी प्लंबर बोलावला तर काम थोडक्यात भागते. आठवड्याने बोलावला तर गुडघाभर घाणीत उभे राहून बोलवावे लागते.

नेमके अडले कुठे?

दुरुस्तीत निम्मा वेळ जातो तो अडथळा शोधण्यात. याचा अंदाज घरच्या माणसालाही बांधता येतो. एकच बेसिन किंवा एकच न्हाणी तुंबली असेल तर दोष त्याच जागेच्या नळीत असतो. केस, साबणाचा थर, भांड्यांचे खरकटे ही त्याची नेहमीची कारणे. एका फ्लॅटमधील सगळी निचऱ्याची ठिकाणे एकदम मंदावली तर त्या फ्लॅटची सामाईक नळी अडलेली असते.

वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला आणि तळमजल्याच्या न्हाणीतून पाणी वर आले, तर अडथळा इमारतीच्या उभ्या नळीच्या तळाशी किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये आहे. पाणी सगळ्यात खालचे तोंड शोधून बाहेर येते. म्हणून चूक चौथ्या मजल्याची असली तरी शिक्षा तळमजल्याला होते. तिथेच आपल्याकडे दुकाने, दवाखाने, खाणावळी, पाळणाघरे असतात आणि जिना चढू न शकणारे वृद्धही राहतात.

पुढचा प्रश्न, अडथळा आवाराच्या आत की बाहेर? प्लंबरकडून आवारातील चेंबरची झाकणे हूकने उघडून दुरूनच पाहून घ्यावीत. इमारतीजवळचा चेंबर काठोकाठ भरलेला आणि त्यापुढचा रिकामा असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मध्ये आहे आणि दुरुस्ती मालकाने किंवा सोसायटीने करायची आहे. रस्त्याजवळचा शेवटचा चेंबरही भरला असेल तर महापालिकेची वाहिनी तुंबलेली आहे. तिथे तुमच्या प्लंबरने कितीही पट्ट्या घातल्या तरी उपयोग नाही. पालिकेकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. मुंबईत त्यासाठी १९१६ हा क्रमांक आहे. इतर शहरांत प्रभाग कार्यालयाचा ड्रेनेज विभागाचा क्रमांक कोरड्या दिवसांतच शोधून भिंतीवर लिहून ठेवावा.

घरात कोणीही पाणी वापरत नसताना आणि बाहेर जोराचा पाऊस असताना पाणी वर आले, तर रस्त्याखालची वाहिनी पावसाने भरली आहे असे समजावे. मुंबईसारख्या शहरात पावसाच्या पाण्याची आणि मैल्याची वाहिनी वेगळी असते. मैल्याची वाहिनी पाऊस वाहून नेण्यासाठी बांधलेलीच नाही. पण कित्येक इमारतींनी गच्चीवरच्या पन्हाळी सोयीस्करपणे मैल्याच्या चेंबरला जोडलेल्या असतात. चार थेंब पडले की त्या चेंबरमध्ये गच्चीभर पाणी उतरते. आपल्या सोसायटीत तसे नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.

गावात, शहराच्या कडेला किंवा कोकण-गोव्यात जिथे सेप्टिक टँक आहेत, तिथे रोगनिदान थोडे निराळे. टँक वर्षानुवर्षे उपसलेला नसेल तर गाळाने भरतो आणि नळी अडल्यासारखीच लक्षणे दिसतात. भर पावसात जमिनीतील पाण्याची पातळी वर आली की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. दर दोन-तीन वर्षांनी पावसाळ्याआधी गाडी बोलावून टँक उपसून घेणे हाच त्यावर उपाय.

पहिला अर्धा तास

मैलापाणी वर येऊ लागले की आपला पहिला विचार झाडू आणि बादली हाच असतो. त्याआधी चार गोष्टी कराव्यात.

एक, पाण्याचा वापर थांबवा, तोही साऱ्या इमारतीचा. एका फ्लशमागे सहा ते दहा लिटर पाणी जाते, वॉशिंग मशीनमधून त्याच्या कितीतरी पट. वरचे लोक वापरत राहतील तोवर खाली उपसण्यात अर्थ नाही. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाका, चार दारे ठोठावा. तरीही कोणी ऐकत नसेल तर गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करा.

दोन, वीज. पाणी प्लगच्या उंचीपर्यंत आले असेल किंवा फ्रिज, मिक्सर, पंपाच्या वायरी पाण्यात असतील, तर त्या पाण्यात पाऊल ठेवू नका. मेन स्विच कोरड्या जागेवरून हाताशी येत असेल तरच बंद करा, नाहीतर इलेक्ट्रिशियन किंवा वीज कंपनीला बोलवा. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही काही प्लगमध्ये वीज राहते, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

तीन, लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेही आणि पायाला जखम असलेली माणसे यांना त्या खोल्यांतून बाहेर काढा. दारे-खिडक्या उघडा. कुजका वास येत असेल तर काडी पेटवू नका, गॅसची शेगडी लावू नका.

चार, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचा पंप बंद करा. हे का, ते पुढे सांगतो.

आणि एक गोष्ट करू नका. मोरीत ॲसिड ओतू नका. ॲसिडने तेलकट गाठ विरघळत नाही. उलट साचलेल्या मैल्यातून विषारी वायू सुटू शकतो, आणि नंतर ती नळी उघडणाऱ्या कामगाराच्या तोंडावर ते ॲसिड उडते. असे भाजलेले डोळे मी पाहिले आहेत.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नका

अशा रात्री कोणीतरी म्हणतेच, ‘नाक्यावरच्या त्या पोराला बोलवा, पाचशे रुपयांत उतरून काढून देईल.’ हे वाक्य ज्या सोसायटीत उच्चारले जाते, तिथल्या लोकांनी पुढचे नीट वाचावे.

बंद चेंबरमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे शंभर भाग इतके प्रमाण झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणेच थांबते. ‘आता वास कमी झाला, उतर’ असे म्हणण्याची वेळ बरेचदा सर्वांत धोक्याची असते. गाळ ढवळला की त्यात कोंडलेला वायू एकदम सुटतो. पाचशे ते हजार भागांच्या पातळीला माणूस काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत कोसळतो. त्यातच आत प्राणवायूही कमी असतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क तिथे काहीही कामाचा नाही.

अशा दुर्घटनेत आकस्मिक विभागात अनेकदा एक माणूस येत नाही, दोघे-तिघे येतात. पहिला काम करायला उतरलेला, दुसरा त्याला काढायला उतरलेला, तिसरा त्या दोघांना. कोणी आत कोसळला तर मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा आणि आत माणूस अडकला आहे, वायूची शंका आहे, असे स्पष्ट सांगा. ते हवेचा सिलिंडर लावून उतरतात.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार, संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तो केवळ पालिकांना लागू नाही, काम सांगणाऱ्या खासगी व्यक्तीलाही आहे. गटारात मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. जेटिंग मशीन आणि सक्शन गाडी आज शहरांत मिळते. पाचशे रुपयांच्या जागी काही हजार लागतील. ते वर्गणी काढून द्यावेत.

झाकणांबद्दलही एक. पाणी ओसरावे म्हणून रस्त्यावरच्या मॅनहोलचे झाकण उघडून ठेवण्याची सवय जीवघेणी आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतील नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. आपल्या आवारातले झाकण उघडले तरी तिथे माणूस उभा करावा आणि काम होताच ते बसवावे.

दुरुस्ती झाली, हे कसे ओळखायचे?

पाणी खाली गेले म्हणजे काम झाले असे नाही. पट्टीने गाठीला भोक पडले की पाणी उतरते, पण गाठ तिथेच राहते आणि आठवड्याने पुन्हा तीच रात्र येते. प्लंबरला विचारा, बाहेर काय निघाले? कापड, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, थिजलेले तेल, की सिमेंट? फरशीचे काम करणारे कामगार उरलेला सिमेंटचा राबडा न्हाणीत ओततात आणि तो नळीत दगड होऊन बसतो, हे अगदी नेहमीचे आहे. झाडाची मुळे किंवा माती निघाली तर नळी जमिनीत फुटलेली आहे असे समजावे.

काम झाल्यावर वरच्या मजल्यांवरून एकाच वेळी दोन-तीन बादल्या पाणी सोडायला लावा आणि चेंबरमध्ये पाहा. पाणी न थबकता वाहून गेले पाहिजे. चार इंची नळीला साधारण चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो. जमीन खचून नळीला झोळ पडला असेल तर तिथे मैला थांबणारच. एकाच जागी दोन-तीन महिन्यांत पुन्हा तुंबले तर साफसफाईवर पैसे घालवू नयेत. नळीत कॅमेरा घालून पाहावे आणि तेवढा तुकडा बदलावा.

तळमजल्याच्या घरांनी आणि दुकानांनी बाहेर जाणाऱ्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. पाणी उलटे येऊ लागले की त्याची झडप आपोआप मिटते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. झडपेत कचरा अडकला तर ती मिटत नाही, म्हणून पावसाळ्याआधी ती साफ करावी. आणि झडप मिटलेली असताना तुमचेही पाणी बाहेर जात नाही, तेव्हा नळ बंद ठेवावेत. खाणावळी, हॉटेले आणि फरसाणवाल्यांनी तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप बसवून तो आठवड्याला साफ करावा. कढईतले उरलेले गरम तेल मोरीत पातळ वाटते, पुढे दहा फुटांवर ते मेणासारखे थिजते.

साफसफाईचा क्रम

आता झाडू आणि बादली. आधी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि जाड रबरी हातमोजे घालावेत. पायावर भेग किंवा जखम असेल त्याने हे काम करू नये, करावेच लागले तर जखम जलरोधक पट्टीने झाकावी. पाणी उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा. काम चालू असताना तंबाखू मळणे, चहा पिणे, मोबाइल हाताळणे बंद. तो मोबाइल नंतर गालाला लागतो.

पाणी आणि गाळ काढून झाला की आधी साबणाच्या पाण्याने फरशी आणि भिंती खसखसून धुवाव्यात. घाणीवरच ब्लीचिंग पावडर भुरभुरवणे व्यर्थ आहे. त्यातील क्लोरीन घाणीशीच झटापट करून संपते, जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. धुऊन झाल्यावर एक लिटर पाण्यात ताज्या ब्लीचिंग पावडरचे तीन सपाट छोटे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, या प्रमाणात द्रावण करून फरशीवर पसरावे आणि किमान दहा मिनिटे ओले राहू द्यावे. मग धुऊन टाकावे. ते ॲसिड किंवा बाथरूम क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि फुप्फुसे भाजतात.

काय ठेवायचे आणि काय टाकायचे? स्टील, काच, चिनी मातीची भांडी धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून वापरता येतात. कपडे गरम पाण्यात वेगळे धुवावेत. भिजलेल्या गाद्या, उशा, लाकडी पोळपाट, पुठ्ठ्याची खोकी टाकून द्यावीत. पाणी लागलेले पीठ, डाळी, भाज्या, कापडी किंवा कागदी वेष्टनातील सामान, सैल झाकणाचे डबे यांच्याबाबतीत हळहळ नको. खाद्यपदार्थांचा व्यवसाय असेल तर स्वच्छता, निर्जंतुकीकरण आणि पाण्याची खात्री होईपर्यंत चूल पेटवू नये. एका दिवसाच्या डब्यांचा तोटा मोठा वाटतो, पण त्या डब्यांतून चाळीस घरांत जुलाब पोचले तर तो धंद्याला कायमचा बट्टा.

टाकीतील पाणी

घाण डोळ्यांना दिसते म्हणून आपण ती धुतो. न दिसणारा धोका जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत असतो. अनेक इमारतींत ही टाकी ड्रेनेजच्या चेंबरपासून चार पावलांवर असते आणि तिचे झाकण जमिनीच्या पातळीवर. त्या झाकणाभोवती मैलापाणी साचले असेल तर टाकी दूषित झाली असे धरूनच चालावे. अशा वेळी पंप सुरू केला की ते पाणी गच्चीवर चढते आणि तिथून प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात उतरते. तळमजल्याचे दुखणे मग सातव्या मजल्याचेही होते. म्हणून पंप आधी बंद करायचा.

सांडपाणी उलटे फिरून पिण्याच्या पाण्यात गेले तर काय होते, याचा सर्वांत मोठा धडा आपल्याच देशात मिळाला. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर एका नाल्याचे मैलापाणी उलट दिशेने शहराच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत गेले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवले. त्यामुळे विषमज्वरासारखे आजार वाढले नाहीत, पण पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे कळले की ती हिपॅटायटिस ई या विषाणूची कावीळ होती. नुसत्या क्लोरीनवर विसंबून चालत नाही, हे तेव्हापासून आम्हाला ठाऊक आहे. अलीकडे २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडेच वळली.

टाकी पूर्ण रिकामी करून घासून घ्यावी. हे काम हवा खेळती ठेवून, यंत्रे असलेल्या प्रशिक्षित लोकांकडून करून घ्यावे. पुन्हा भरल्यावर दर हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर विरघळवून, वरचे नितळ पाणी टाकीत मिसळून ते चोवीस तास ठेवावे. मग सगळे पाणी सोडून द्यावे आणि नव्याने भरावे. त्यानंतर पालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडून ओटी चाचणी आणि जंतूंसाठी पाण्याची तपासणी करून घ्यावी. अहवाल येईपर्यंत पिण्याचे, दात घासण्याचे आणि कोशिंबीर धुण्याचे पाणी उकळलेलेच असावे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट राहू द्यावी.

आजार नंतर येतात

घर पुसून कोरडे होते, माणसे ती रात्र विसरतात आणि मग आजार येतात. उलट्या-जुलाब काही तासांत किंवा पाच दिवसांच्या आत. लेप्टोस्पायरोसिस बहुधा एक ते दोन आठवड्यांत, क्वचित महिन्याने. विषमज्वर एक ते तीन आठवड्यांत. हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ दोन ते दहा आठवड्यांत केव्हाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणून अशा स्त्रीला त्या घरातून काही दिवस हलवणेच शहाणपणाचे.

लेप्टोचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात येतात आणि त्वचेच्या बारीकशा भेगेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या प्रलयानंतर त्याची मोठी साथ आम्ही डॉक्टरांनी पाहिली. मैलापाण्यात काम केले असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. पायाला जखम होती का, किती वेळ पाण्यात होतात, हे पाहून ते डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिबंधक औषध द्यायचे का ते ठरवतात. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ते चालत नाही, म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नये. घाण पाण्यात जखम झाली असेल आणि धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे उलटली असतील, तर तेही घ्यावे लागते.

ताप, तीव्र अंगदुखी, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे, कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे, यांपैकी काहीही झाले तर घरी गोळ्यांवर दिवस काढू नयेत. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे, ‘अमुक तारखेला आमच्या घरात गटाराचं पाणी आलं होतं, मी त्यात काम केलं.’ ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्या रात्री पाण्यात कोण कोण होते, ही नावेही सांगावीत. मदतीला आलेला प्लंबर, कामवाली मावशी, वॉचमन यांना कोणी विचारत नाही, आणि तेच सर्वांत जास्त वेळ पाण्यात असतात.

आमच्या वॉर्डात आता पावसाळ्यात तापाच्या रुग्णाला दोन प्रश्न विचारले जातात. रस्त्यावरच्या पाण्यातून गेला होतात का, आणि घरात किंवा दुकानात पाणी आले होते का. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ आले की तिसरा आपोआप येतो, तुमच्याबरोबर आणखी कोण होते?

ते पोळी-भाजी केंद्र पुन्हा सुरू झाले. मध्यंतरी त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम थांबलो. मोरीच्या नळीवर झडप बसली आहे. दाराआड खुंटीला गमबुटांच्या दोन जोड्या टांगलेल्या दिसल्या, एक मालकांची आणि एक त्या मुलाची.